टाळेबंदीनंतर उरलेले संपर्क

साथीच्या काळात निर्बंध लागू झाले की माणसांचे एकमेकांशी येणारे संपर्क घटतात आणि संपर्क घटले की आजाराचा प्रसार मंदावतो, या विधानात चूक काढता येणार नाही. मात्र मुंबईसारख्या शहरात एवढ्यावरच विसंबून राहिले तर फसगत होण्याची शक्यता मोठी आहे. निर्बंधांची कात्री सगळ्या संपर्कांवर सारखी चालत नाही. ज्यांना घरी बसून पगार मिळतो त्यांचे संपर्क ती जवळजवळ मुळापासून छाटते, आणि ज्यांना पाणी, शौचालय, रेशन व रोजगार यांपैकी काहीही चार माणसांत गेल्याशिवाय मिळत नाही त्यांचे संपर्क ती जेमतेम खरवडते. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि संपर्कांच्या नोंदींवरचा एक छोटा प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करून घेते. त्या निमित्ताने जे वाचले आणि कोविडच्या साथीत भोवताली जे पाहिले, त्यातून झालेले माझे मत येथे मांडते आहे.

कोण कोणाला किती भेटते याची शिस्तशीर मोजदाद करण्याचा मोठा प्रयत्न युरोपात २००५-०६ मध्ये झाला. ‘पॉलीमॉड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पाहणीत आठ देशांतील ७,२९० लोकांनी एका दिवसाची रोजनिशी भरून दिली आणि त्यातून ९७,९०४ संपर्कांची नोंद झाली. म्हणजे माणशी दिवसाला सरासरी १३.४. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे खरे मोल सरासरीपेक्षा वयाच्या कोष्टकात आहे. एका बाजूला नोंद करणाऱ्याचे वय आणि दुसऱ्या बाजूला भेटलेल्याचे वय असे कोष्टक मांडले की कर्णावर आकडे दाटलेले दिसतात, कारण शाळकरी मुले शाळकरी मुलांत आणि नोकरदार नोकरदारांत वावरतात. आणि त्या कर्णाला समांतर, सुमारे एका पिढीच्या अंतरावर, आईवडील व मुले यांच्या भेटींची फिकट रेघ उमटते. श्वासावाटे पसरणारा आजार वर्गातून घरात आणि घरातून कचेरीत कसा शिरतो, हे त्या कोष्टकावरून बऱ्यापैकी सांगता येते.

या पाहणीत संपर्क कशाला म्हणायचे हे आधी ठरवून दिलेले होते: समोरासमोर उभे राहून किमान तीन शब्दांचे बोलणे झाले असेल, किंवा त्वचेला त्वचेचा स्पर्श झाला असेल, तर तो संपर्क. ही व्याख्या वर्गात फळ्यावर लिहिली की विद्यार्थी हसतात. विरारहून सकाळची जलद गाडी पकडून चर्चगेटपर्यंत दाराशी चेंगरून उभा असलेला माणूस वाटेत कोणाशीही तीन शब्द बोलत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला असेल तर स्पर्शाचीही नोंद होईलच असे नाही. तासाहून अधिक काळ वीसपंचवीस जणांनी सोडलेला श्वास घेऊन तो उतरतो आणि व्याख्येप्रमाणे त्याच्या रोजनिशीत या प्रवासाच्या रकान्यात शून्य पडते. उलट रस्त्याच्या पलीकडून ‘काय, कसं काय, बरं ना?’ एवढे विचारणारा शेजारी मात्र तीन शब्दांच्या हिशेबाने संपर्क ठरू शकतो. पाहणी करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या समाजात अनोळखी माणसे एकमेकांच्या इतक्या जवळ फारशी येत नाहीत, तेथे बोलणे हे जवळिकीचे बऱ्यापैकी विश्वासार्ह चिन्ह आहे. मुंबईत ते तसे नाही, एवढेच.

म्हणून आमच्या प्रकल्पाच्या रोजनिशीत बोलण्याचा रकाना ठेवून शेजारी आणखी काही रकाने जोडले: जागा बंदिस्त होती की उघडी, किती वेळ एकत्र होता, आणि त्या जागेत तुमच्या आधी पंधरा मिनिटांत दुसरे कोणी होते का. एका विद्यार्थिनीने टाळेबंदीच्या दिवसांतली आपल्या घराची नोंद आठवून लिहून दिली होती. ती कुर्ल्याच्या एका वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, भाऊ आणि आजी यांच्यासह राहत होती. तिच्या स्वतःच्या रकान्यात घरातल्या चौघांखेरीज फारसे कोणी नव्हते. आई घरकाम करायची. सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना फाटकातून आत घेणे बंद केल्यामुळे तिचाही रकाना रिकामाच होता. वडील सुरक्षारक्षक होते आणि त्यांचे काम अत्यावश्यक ठरल्यामुळे त्यांना रोज जावे लागे. फाटकावर पार्सले उतरवून घेणे, येणाऱ्याच्या कपाळासमोर तापमापक धरणे, रजिस्टरवर सही घेणे, हे सगळे त्यांच्याकडे आले होते. ज्या इमारतीतल्या कुटुंबांनी बाहेरच्या जगाशी असलेले आपले संपर्क शून्यावर आणले, त्या सगळ्या कुटुंबांचे बाहेरचे संपर्क एका खुर्चीवर बसलेल्या या एका माणसात गोळा झाले होते. रोजनिशीच्या शेवटच्या रकान्यात मात्र घरातल्या पाचही जणांची नोंद सारखी होती: सकाळी साडेपाच ते साडेसहा, सार्वजनिक शौचालय, रांग, आत जाताना आधीचा माणूस नुकताच बाहेर पडलेला.

ब्रिटनमध्ये टाळेबंदी लागताच मार्च २०२० च्या अखेरीस ‘कोमिक्स’ ही पाहणी सुरू झाली. पहिल्याच फेरीत असे दिसले की पॉलीमॉडच्या काळी दिवसाला १०.८ असलेली तेथील सरासरी २.८ वर आली आहे आणि उरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक संपर्क घरातले आहेत. त्यावरून संशोधकांनी एका रुग्णाकडून होणाऱ्या सरासरी लागणींचा आकडा २.६ वरून ०.६२ वर, म्हणजे ज्याच्याखाली साथ ओसरू लागते त्या एकच्या बराच खाली, गेला असावा असा अंदाज बांधला. हा अंदाज त्या देशापुरता नीट होता. भारतासाठी त्या सुमारास जी गणिते झाली त्यांत बरीचशी मदार २०१७ मध्ये १५२ देशांसाठी बांधलेल्या कोष्टकांवर होती, आणि ती कोष्टके युरोपातल्या नोंदींना प्रत्येक देशाची लोकसंख्या, कुटुंबरचना, शाळा व रोजगार यांची जोड देऊन तयार केलेली होती. केंब्रिजमधील राजेश सिंह आणि आर. अधिकारी यांनी मार्च २०२० मध्ये त्यांच्याच आधारे २१ दिवसांची टाळेबंदी पुरणार नाही असे दाखवले, आणि तीन पिढ्या एका छपराखाली राहण्याच्या आपल्या रीतीचा परिणामही त्या गणितात स्पष्ट दिसत होता. पण त्या कोष्टकांत संपर्काची चारच ठिकाणे होती: घर, काम, शाळा आणि इतर. मुंबईचा सारा कठीण भाग त्या ‘इतर’मध्ये जाऊन बसतो.

या कठीण भागाचा आकार किती आहे, हे जुलै २०२० मध्ये अनपेक्षित स्पष्टपणे दिसले. मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी एफ-उत्तर, एम-पश्चिम आणि आर-उत्तर, म्हणजे माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या बाजूंच्या तीन विभागांत रक्तनमुने घेऊन प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण, तपासली. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात ती सापडली आणि बाकीच्या वस्त्यांत सुमारे १६ टक्के लोकांच्या. विभाग तेच, नियम तेच, पोलिसांच्या नाक्यांवरची दटावणीही तीच. तरीही एका रस्त्याच्या दोन बाजूंना लागणीच्या प्रमाणात साडेतीन पट अंतर. झोपडपट्टीतल्या लोकांनी शिस्त पाळली नाही असे स्पष्टीकरण त्या दिवसांत सर्रास ऐकू येई. मला ते तेव्हाही पटले नाही. त्याच सर्वेक्षणात स्त्रियांमधले प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित जास्त आढळले. टाळेबंदीत बाहेर भटकणारे प्रामुख्याने पुरुष होते. बेशिस्त हे मुख्य कारण असते तर पुरुषांचे प्रमाण ठळकपणे पुढे असायला हवे होते. लागण वस्तीच्या आत, नळावर, शौचालयात आणि हात लांब केला तर समोरच्या दाराला लागेल अशा गल्लीत झाली असावी, या तर्काशी हा आकडा अधिक जुळतो. पालिकेने निकाल जाहीर करताना सामाईक शौचालयांचा उल्लेख केलाच होता.

येथे घरातल्या लागणीबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण संपूर्ण टाळेबंदीचे तर्कशास्त्र घराच्या भिंतींवर उभे आहे. घरातली माणसे एकमेकांना रोज भेटतात, पण ती तीच ती माणसे असतात. घरात एकजण आजारी पडला आणि त्याच्यापासून आणखी दोघांना लागण झाली की विषाणूसमोरची नवी माणसे संपतात आणि साखळी तेथेच थांबते. म्हणजे टाळेबंदी घरातले संपर्क वाढवूनसुद्धा साथ आटोक्यात आणू शकते, अट एवढीच की घरे एकमेकांपासून खरोखर वेगळी असली पाहिजेत. परळ-लालबागच्या चाळीत एका मजल्यावरच्या वीस खोल्यांना गॅलरी एक आणि टोकाची शौचालये सामाईक असतात. बैठ्या वस्तीत एका शौचालयावर त्याहून कितीतरी अधिक कुटुंबे अवलंबून असतात. साथीच्या हिशेबात तेथले घर शिधापत्रिकेवरच्या नावांपुरते नसून ते शौचालय वापरणाऱ्या साऱ्यांचे मिळून एक घर आहे. ‘घरीच राहा’ ही सूचना पाळूनही शेकडो माणसांचे ते घर पाळणाऱ्यासोबत राहतेच.

धारावीत जे केले गेले त्याकडे मी या दृष्टीने पाहते. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा अडीच चौरस किलोमीटरच्या आतबाहेर क्षेत्रात साडेआठ लाखांच्या आसपास लोक राहत होते आणि त्यांतले सुमारे ८० टक्के सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून होते. तेथे अंतर राखण्याचा उपदेश करण्यात अर्थ नव्हता, हे पालिकेच्या जी-उत्तर विभागाच्या अधिकाऱ्यांनी लवकर ओळखले. शौचालयांचे निर्जंतुकीकरण दिवसातून अनेकदा होऊ लागले, खासगी दवाखान्यांतले डॉक्टर ताप तपासायला गल्ल्यांत उतरले, आणि संशयितांना शाळा, मंगल कार्यालये व क्रीडासंकुलात हलवले गेले. या शेवटच्या उपायाचे महत्त्व फारसे बोलले गेले नाही. घरात विलगीकरण करणे म्हणजे माणसाला त्या शौचालयाच्या रांगेत ठेवणे. शाळेच्या वर्गात हलवणे म्हणजे रांगेतून एक माणूस काही दिवसांसाठी काढून घेणे. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला तेव्हा सगळीकडे कौतुकाच्या बातम्या आल्या. सर्वेक्षणाचे आकडे पाहता, मुंबईतल्या दाट वस्त्यांतून विषाणू तोपर्यंत बऱ्यापैकी फिरून आला होता, हेही त्या कौतुकासोबत लक्षात ठेवायला हवे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

संपर्कांची संख्या आणि त्यांतून होणारी लागण यांचा संबंध किती असमान आहे, याचा सर्वांत मोठा भारतीय पुरावा तामिळनाडू आणि आंध्र प्रदेशातून आला. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८४,९६५ रुग्णांच्या संपर्कात आलेल्या ५,७५,०७१ लोकांची माहिती होती. सुमारे ७० टक्के रुग्णांपासून त्यांच्या शोधलेल्या संपर्कांपैकी एकालाही लागण झाल्याचे आढळले नाही. उलट, एकाच वाहनात रुग्णाजवळ बसून सहा तासांहून अधिक प्रवास केलेल्यांत लागणीचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होते. थोडी माणसे आणि थोड्या जागा साथ पुढे नेत होत्या. अशाच समजातून देशात अनेक ठिकाणी भाजीवाले आणि किराणा दुकानदार यांच्यावर ‘सुपरस्प्रेडर’, म्हणजे एकटाच अनेकांना लागण देणारा, हा शिक्का बसला, तो मला आजही अन्यायाचा वाटतो. भाजीवाल्याच्या अंगात विषाणू अधिक जोमाने वाढत नसतो. शेकडो घरांची बाहेर पडण्याची गरज त्याच्या हातगाडीवर येऊन मिळते, म्हणून तो संपर्कांच्या जाळ्यातल्या गाठीवर उभा असतो. गाठीवरच्या माणसाची आधी आणि वारंवार तपासणी करावी, त्याला मास्क व पगारी रजा द्यावी, पुढे लस आली तेव्हा रांगेत पुढे घ्यावे, हा त्यातून निघणारा व्यवहार्य निष्कर्ष होता. घडले ते असे की गाठच तोडली जाई. मे २०२० मध्ये वाशीची एपीएमसी बाजारपेठ आठवडाभर बंद ठेवावी लागली; पण कांदाबटाटा तर शहराला रोज लागतोच, त्यामुळे अशा बंदीच्या आदल्या दिवशी आणि उघडण्याच्या दिवशी गर्दी दाटणार हे ओघानेच आले.

लोकल गाड्यांचेही काहीसे तसेच झाले. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून त्या बंद झाल्या, १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागल्या, ऑक्टोबरमध्ये स्त्रियांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली आणि सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले. दिवसाला पाऊणकोटीहून अधिक प्रवासी वाहणारी व्यवस्था बंद केल्याने शहराच्या एका टोकाचा विषाणू दुसऱ्या टोकाला नेणारे दुवे तुटले, यात शंका नाही. जाळ्यांचे गणित सांगते की दूरच्या दोन घोळक्यांना जोडणारे मोजकेच दुवे साऱ्या जाळ्याला जवळ आणतात, आणि मुंबईत असे दुवे बहुतांशी रुळांवरून जातात. पण जूननंतर खासगी कचेऱ्या थोड्याथोड्या उघडल्या आणि वसई-विरार, कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला कामावर हजर होणे भाग पडले, तेव्हा तो एसटी आणि बेस्टच्या रांगेत गेला. जुलै २०२० मध्ये नालासोपाऱ्यात एसटी न मिळालेले प्रवासी थेट रुळांवर उतरले होते. वीस मिनिटांच्या अंतराला दोन तास बसमध्ये काढणाऱ्याचा संपर्क घटला म्हणायचे की वाढला, याचे उत्तर रेल्वेच्या प्रवासीसंख्येत मिळणार नाही. फेब्रुवारीत सर्वांना मुभा देताना सकाळी सातपूर्वी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर अशा वेळा ठरवल्या गेल्या. कल्पना चांगली होती. तिच्याबरोबर कचेऱ्यांच्या वेळा बदलल्या असत्या तर ती चाललीही असती.

गणपतीच्या दिवसांचाही विचार करण्यासारखा आहे. २०२० मध्ये सार्वजनिक मूर्तींची उंची चार फुटांवर आणली गेली, आणि लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. मंडळासमोरची रांग डोळ्यांत भरते म्हणून सगळे लक्ष तिकडे गेले. माझ्या मते खरा धोका दीड दिवसाच्या घरगुती गणपतीत अधिक असतो. दर्शनाला आलेले कुटुंब बसते, आरतीला मोठ्याने गाते, मोदक खाते, गप्पा मारते आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या नातेवाइकांकडे जाते. ज्यांच्याकडे गेले तेही सकाळी आणखी चार घरी जाऊन आलेले असतात. बंद खोली, मोठा आवाज, जेवताना उतरवलेला मास्क आणि एका दिवसात जोडली जाणारी अनेक घरे, हे सारे एकत्र येते. न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये दोन कुटुंबांनी मिळून ‘बबल’, म्हणजे फक्त आपसांत भेटणारा बंदिस्त गट, करण्याची मुभा होती, पण त्याची अट अशी की जोडी ठरली की ती बदलायची नाही. आपल्याकडे आत्याकडे जाऊन मावशीकडे न जाणे ही अट कोण पाळणार? कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी दहा दिवसांच्या विलगीकरणाचा नियम झाला, त्यावर पुष्कळ वाद झाला, पण निदान तो कोणत्या दुव्यासाठी आहे हे स्पष्ट होते.

पुढच्या वर्षी चित्र पालटले. २०२१ च्या सुरुवातीला वाढू लागलेल्या रुग्णांत इमारतींमधले रुग्ण बहुसंख्य होते आणि पाचपेक्षा अधिक रुग्ण सापडलेली इमारत सील करण्याचा नियम पालिकेने फेब्रुवारीत आणला. मार्चच्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांत सुमारे ४२ टक्के आणि इतरत्र सुमारे २८ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. कालांतराने प्रतिपिंडे विरतात हे धरले तरी दोन्हींमधले अंतर भरून येत होते हे दिसते. पहिल्या वर्षी ज्यांना आपले संपर्क छाटणे परवडले त्यांची लागण टळली नव्हती, लांबली होती. आणि लांबणीवर टाकण्याची ती सवड लस येईपर्यंत पुरली की नाही, हे इमारतीगणिक आणि वयागणिक वेगळे ठरले.

टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी मुंबईचे जे संगणकीय प्रतिरूप केले, त्यात झोपडपट्टी आणि इतर वस्ती वेगळ्या धरल्या होत्या व लोकलचा प्रवासही स्वतंत्र मांडला होता. युरोपातून उसन्या आणलेल्या चार ठिकाणांपेक्षा ही मांडणी या शहराला कितीतरी जवळची आहे. आमच्या छोट्या प्रकल्पात आता प्रत्येक नोंदीपुढे आणखी एक प्रश्न असतो: हा संपर्क टाळला असता तर त्या दिवशी काय गमावले असते? उत्तरे चार प्रकारची लिहायला सांगते, म्हणजे काही नाही, गैरसोय, पैसे, किंवा टाळता येणेच शक्य नाही. या उत्तरांनुसार दोन वेगळी कोष्टके मांडता येतात, एक निर्बंधांनी हलणाऱ्या संपर्कांचे आणि एक न हलणाऱ्यांचे, आणि साथीचे गणित दुसऱ्या कोष्टकापासून सुरू करता येते. त्या कोष्टकातला एकेक रकाना रिकामा करायचा तर आदेशाने काही होत नाही. तेथे नळजोडणी, जादा शौचालये, पगारी रजा आणि विलगीकरणासाठी जवळची मोकळी शाळा यांपैकी काहीतरी द्यावे लागते.